गुन्ह्याला फूल यायच्या आधी

दादा, मी अमरावतीत आहे. पागलखान्याच्या भिंतीबाहेर निंबाखाली बसलोय, गुडघ्यावर कागद आहे आणि एक ओळ वाळायच्या आत दुसरी ओढतोय, इतकी घाई झाली आहे मला. साहेब दुपारपर्यंत येणार, डॉक्टर येणार, शहरातले दोन बडे लोक येणार आणि आज करीमभाईचा निकाल लागणार. तुला जाऊन सतरा दिवस झाले. रीतीप्रमाणे मी तोंड पाडून बसायला हवं, पण सकाळपासून पाय एका जागी ठरत नाहीत. सोनाजीकाका दोनदा म्हणाले, "बस न बापा एका जागी, काहून जमीन झिजवून राहिला?" म्हणून बसलो आणि तुला लिहायला घेतलं.

तुझा करीमभाई. अचलपूरचा विणकर, सहा महिने तुझ्या शेजारी चटई टाकून झोपलेला. मी त्याला अजून एकदाही पाहिलेलं नाही. तो उंच आहे की बुटका तेही मला ठाऊक नाही, आणि मी त्याला सोडवायला बैलगाडीनं चार दिवसांची वाट तुडवून आलोय. हंगाम ऐन भरात आहे, वावरं पांढरीफेक पडली आहेत, आणि मी इथे. तू असतास तर हसून हसून तुला ठसका लागला असता. सव्वा वर्ष तू याच एका गोष्टीसाठी माझ्याशी भांडलास, आणि सव्वा वर्ष मी तुला "वेचणी होऊ दे, पेरणी होऊ दे, डवरणी होऊ दे" करत राहिलो.

शेवटी तुला तीन दिवसांचा ताप पुरला. तिसऱ्या दिवशी तू पाणी मागितलंस, वहिनीनं पाजलं, आणि तू माझ्याकडे बघून म्हणालास, "त्याले सांगतलं होतं म्या, येतो म्हून." तेवढंच. तुझं डोकं शेवटपर्यंत स्वच्छ होतं, हे मी सगळ्यांना पुन्हा पुन्हा सांगतोय. का सांगतोय कोण जाणे. स्वच्छ नसतं तर काय तू कमी मेला असतास?

दहाव्याला नदीवर पिंड ठेवला. माझी खात्री होती की कावळा शिवणार नाही. मी मनात शब्द जुळवून ठेवले होते, करीमला आणतो म्हणून सगळ्यांसमोर सांगायचं ठरवलं होतं. आणि कावळा लगेच आला, दोन चोची मारून भात घेऊन गेला. लोक खूश. "काई इच्छा राहली नाई बापा," म्हणाले. मला इतका राग आला, दादा. कावळ्याचा आला की तुझा, ते सांगता येत नाही. इच्छा राहिली नाही म्हणे. घरी येऊन वहिनीला म्हटलं, वेचणी उरकली की मी अमरावतीला जाईन. ती चुलीपुढून उठलीसुद्धा नाही. "कापूस पळून चालला का वावरातून?" एवढंच म्हणाली. तेरवी झाली आणि मी गाडी जुंपली.

तुझं जे काही होतं त्याला आपल्या घरात कधी नाव पडलं नाही. वर्षातून एकदा, एखाद्या वर्षी दोनदा, ते यायचं. "दादाचं आलं" म्हणायचे सगळे, पाहुणा आल्यासारखं. तू झोपायचा नाहीस, बोलायचं थांबवायचा नाहीस, आणि निघायचास. वाटेत जिथे बैल गाडीला जुंपलेला उभा दिसेल तिथे शिवळ, म्हणजे जुवाची खुंटी, काढून, जू उतरवून त्याला मोकळा करायचास आणि पुढे जायचास. दुसरं काही नाही. कुणाला कधी बोट लावलं नाहीस. गावाचा ठराव नव्हता, पण रीत पडली होती: तू ज्याच्या नजरेला पडशील त्यानं हातातलं काम टाकून तुझ्यासोबत चालायचं, पुढचा भेटला की त्याच्या हवाली करून परत फिरायचं. सोनाजीकाका तुझ्यासोबत एकदा तेल्हाऱ्यापर्यंत गेले होते आणि येताना पाय सुजवून आले होते. तरी कुरकूर केली नाही, उलट महिनाभर तुझ्या गोष्टी सांगत बसले.

मग समुद्रापलीकडे कुठेतरी लढाई जुंपली आणि विलायतेच्या गिरण्यांना एकाएकी आपला कापूस गोड लागायला लागला. तुला आठवतं, कुडाच्या घरांना एका वर्षात विटा आल्या, बैलांच्या शिंगांना पितळी टोपणं आली. अकोल्याच्या बाजारात गाड्यांची रांग मोर्णा नदीच्या काठापर्यंत लागायची. दोन दोन दिवस नंबर यायचा नाही, आणि रांग कधी सरकेल याचा भरवसा नाही म्हणून गाडीवान बैल सोडायचेच नाहीत. दिवसभर मानेवर जू. त्या वर्षी मी तुला सोबत नेलं. तुझं ठीक चाललं होतं, आणि मला गाडीवर माणूस हवा होता. तिथे दुसऱ्या दिवशी सकाळी तुझं आलं.

मी नंबराची चिठ्ठी करायला गेलो होतो, परत येतो तो रांगेतल्या चाळीसेक गाड्या जमिनीवर टेकलेल्या, कापूस मातीत, बैल नदीकडे पाणी प्यायला निघालेले, आणि तू पुढच्या गाडीच्या शिवळेला हात घातलेला. खरं सांगू? बैल इतके खूश दिसत होते की क्षणभर मलाही बरं वाटलं. पण एक गोष्ट मी तिथे पाहिली आणि कुणाला सांगितली नाही. एका गाडीची दांडी खाली आली तेव्हा गाडीखाली एक गाडीवान झोपला होता. दांडी त्याच्या डोक्यापासून हातभर लांब पडली. तो जागा झाला, कुशीवर वळला आणि पुन्हा झोपला. मी मात्र ते हातभर अंतर आजपर्यंत मोजतोय. पुढे तुझ्या निकालाच्या दिवशी साहेब जे बोलला ते निव्वळ मूर्खपणाचं होतं असं मला म्हणता येत नाही ते यामुळे.

शिपायांनी तुला धरलं. एका दलालानं फिर्याद दिली की हा माणूस फिरता वेडा आहे, आज बैल सोडले, उद्या माणसं मारेल. सरकारचा कायदा आहे म्हणे, फिरता वेडा दिसला की धरायचा आणि साहेबापुढे उभा करायचा. तुला कचेरीच्या मागच्या खोलीत ठेवलं आणि साहेबानं तुझ्या माणसांना बोलावलं.

आता हे मी तुला कधी सांगितलं नाही ते सांगतो. आत जायच्या आधी मी आपल्या गावच्या पाचही जणांना व्हरांड्यात गोळा केलं आणि पढवलं. म्हटलं, सगळ्यांनी एकच सांगायचं, हा येडा आहे. आपल्या गावात येडा म्हटलं की सुटका. येड्यानं कुणाची काकडी तोडली तर पाटील हसतो, येड्यानं शिवी दिली तर लोक हात जोडतात. येड्याला शिक्षा करणं म्हणजे पाप. साहेबही माणूसच आहे, त्यालाही कळेल, असं मला वाटलं. मी पहिला आत गेलो.

"साहेब, माहा भाऊ येडा हाय," मी म्हणालो. "त्याच्या मनात काई नाई."

सोनाजीकाकांनी माझ्यावर कडी केली. "येडा मंजे निरा येडा, साहेब. लहानपनापासून. याले बैल कोनता अन गाय कोनती ते बी समजत नाई." हे धडधडीत खोटं होतं. बैलांची पारख तुझ्याइतकी आपल्या गावात कुणाला नव्हती. तिसऱ्यानं तर छाती पुढे काढून सांगितलं, "आमच्या भागात एवढा मोठा येडा दुसरा नाई भेटनार तुमाले." मुनशी लिहीत होता, साहेब मान डोलवत होता, आणि आम्ही सगळे बाहेर येऊन एकमेकांकडे बघून हसलो. मी म्हटलं, झालं काम, आता घेऊन जाऊ.

मग मुनशीनं हुकूम वाचून दाखवला. ज्या अर्थी याचा सख्खा भाऊ आणि गावचे लोक एकमुखानं याला वेडा म्हणतात, आणि ज्या अर्थी हा मोकळा फिरतो, त्या अर्थी याच्या हातून पुढे कोणाला अपाय होऊ नये म्हणून याला अमरावतीस वेड्यांच्या इस्पितळात ठेवावं. किती दिवस, तर बरा होईपर्यंत. सोनाजीकाकांनी मला विचारलं, "मंजे सोडला का धरला?" आम्हीच तुला दोरीनं बांधून दिलं होतं, आणि तेही मायेनं.

एवढंच असतं तर मी ते कधीच तुला सांगून मोकळा झालो असतो. पण हुकूम ऐकल्यावर, अगदी पहिल्या क्षणाला, मला सुटल्यासारखं वाटलं. हंगाम डोक्यावर होता. मनात आलं, चला, एवढा हंगाम तरी कुणी दुसरं बघेल याच्याकडे. मग लगेच रडू आलं, मी मुनशीच्या पाया पडलो, सगळं केलं. पण पहिला क्षण तो होता. तू सुटून आल्यावर मी तुझ्यासमोर त्या दलालाला शिव्या घालायचो, त्याच्याच जबानीनं घात केला म्हणायचो. तू फक्त "असन" म्हणायचास आणि भाकरी मोडायचास. मला वाटायचं, बरं झालं, याला ठाऊक नाही.

तुझ्या निकालाचा दिवस मात्र मला कितीही वेळा आठवला तरी पुरत नाही. पागलखान्याच्या जमादारानं सांगितलं होतं की महिन्यातून एकदा साहेब लोक येऊन एकेकाला तपासतात, तेव्हा ये. मी आलो आणि आत शिरता शिरता तुझ्या कानाशी लागलो. "म्हन, बरा झालो. म्हन, आता बैल सोडत नाई. दोन शब्दांचं काम हाय, दादा." तू माझ्याकडे असं बघितलंस की जणू मीच आतला रोगी.

"अन पुढच्या साली आलं तं?" तू म्हणालास. "तवा पुन्हा येऊन बसू का इथंसा? मी येडा हाय का शहाणा हाय ते त्याईले कायले सांगू? म्या केलं काय, ते त्याईनं सांगावं."

साहेबानं मुनशीकडून विचारलं, बाहेर गेल्यावर पुन्हा बैल सोडशील का?

"जुंपून ठेवतीन तं सोडीन."

मी डोळे मिटून घेतले. वाटलं, गेला. साहेबानं विचारलं, गाडी कुणाच्या अंगावर पडली तर?

"पडली का?"

पडू शकते, साहेब म्हणाला.

मग तू ते बोललास. मुनशीकडे न बघता, सरळ साहेबाकडे बघून, अगदी सावकाश, लहान पोराला समजावतात तसं. "साहेब, आमच्याकडे व्यापारी उभ्या पिकाचा सौदा करतेत. पन तो बी आधी वावरात येते, बोंडं पायते, मंग बोलते. माह्या गुन्ह्याले तं अजून फूल बी नाई आलं, अन तुमी तो वेचून गोदामात भरून मोकळे झाले."

मुनशी अडकला. त्यानं दोनदा सुरुवात केली, दोनदा थांबला. साहेबानं त्याला पुन्हा सांगायला लावलं, आणि पहिला हसला तो डॉक्टर. त्यानं वही उघडून बघितली. सहा महिन्यांत तू कुणावर हात उगारला नव्हतास, उलट पाणी भरायचे बैल नीट बांधले नाहीत म्हणून जमादाराशी भांडला होतास. साहेब हसला नाही, पण त्यानं तुला सोडलं. माझ्या हमीवर. मी कागदावर सही केली, आणि बाहेर आल्यावर मी तुला मिठी मारली, आणि तू पहिलं वाक्य काय बोललास? "हमी कायची लिवून देल्ली बे तू? माह्या चालन्याची?"

आपण घरी पोचेपर्यंत भांडलो, दादा. चार दिवस. मी म्हणायचो, सुटलास ना, मग झालं. तू म्हणायचास, हमीवर सुटलेला माणूस मोकळा कसा? ज्याला कुणी भाऊ नाही, ज्याची सही करायला कुणी येत नाही, त्यानं आतच मरायचं का? आणि मग करीमभाई. त्याच्या मागाला सूत मिळेना, सगळा कापूस समुद्रापार चाललेला. बायको वारलेली. तो बाजारात कापसाच्या गठ्ठ्यांवर जाऊन बसायचा आणि उठायचा नाही, रडायचा. व्यापारी म्हणाले, हा आग लावेल. त्याच्यापाशी चकमक नव्हती, चिलीम नव्हती, काही नव्हतं. पण कापसाच्या बाजारात आग हा शब्द पुरतो. दोन वर्षं तो आत आहे, न लावलेल्या आगीसाठी.

गेल्या माघात तू एकटाच निघालास त्याला आणायला. डोकं ठिकाणावर होतं तुझं, मला पक्कं ठाऊक होतं. लोक रीतीप्रमाणे तुझ्यासोबत चालत गेले, शिवेपर्यंत. आणि मी गाडी काढून मागून आलो आणि तुला परत आणलं. वाटेत तुला पुन्हा धरलं तर, म्हणून. माझी सही होती ना कागदावर. तू गाडीत बसलास. मग म्हणालास, "तू बी साहेबच झाला न मंग." मी त्या दिवशी चिडलो. तुला सांभाळता सांभाळता माझं काय होतं ते तुला कधी कळलं नाही, असं बरंच काही बोललो. ते सगळंच खोटं नव्हतं. पण आज तुझं ते वाक्य मला भिंतीवर लिहिल्यासारखं समोर दिसतं. दांडी हातभर लांब पडली होती, हे खरं. पण हातभर लांबच पडली होती, हेही खरं, आणि या दोहोंमध्ये माणसाला किती दिवस कोंडायचं ते मला अजून सांगता येत नाही. तुला येत होतं. एक दिवसही नाही, असं तू म्हणायचास.

जमादार बाहेर आलाय. साहेबाचा घोडा दिसतोय वळणावर. साहेब नवा आहे म्हणे, तरणा आहे, कडक आहे. दादा, मला परवापासून एकच भीती आहे. मी तिथे उभा राहीन, आणि सवयीनं म्हणेन, बरा झालाय हा, शहाणा झालाय, आणि साहेब त्याला एक प्रश्न विचारेल आणि सगळं फिसकटेल. आज तरी मला तुझ्यासारखं बोलता यायला हवं. सोनाजीकाका म्हणतात, "या खेपेला मी तोंडच उघडत नाई." ते बरं. चल, हाक आली.

दादा, दुपार उलटून गेली आहे. घाईत लिहितोय, अक्षर लागलं नाही तर समजून घे.

आत एक लांब ओसरी, तूही तिथेच उभा होतास. साहेब खरंच तरणा, मिशी जेमतेम. करीमभाईला आणलं. तो बुटका आहे, आणि त्याची बोटं पूर्ण वेळ हलत असतात, नसलेला धागा जोडत असल्यासारखी. साहेबानं मला विचारलं, हा बरा झाला आहे असं तुझं म्हणणं आहे का?

जिभेवर "हो" आलं होतं, खोटं कशाला बोलू. मी ते गिळलं.

"ते मले नाई माहीत, साहेब," मी म्हणालो. "येडा असन, नसन. पन यानं केलं काय, ते तुमी सांगा."

मुनशीनं पानं उलटली. मागे गेला, पुढे आला. सगळ्या कागदात आग लावण्याची भीती होती, आग कुठेच नव्हती. साहेब म्हणाला, लावली असती तर अर्धा बाजार जळाला असता.

"मंग यानं लावली तवा धरा," मी म्हणालो. "मी सोता पकडून आनून देतो. पन नाई लावली, त्याचे दोन साल झाले."

डॉक्टर तोच होता. त्यानं मान वर करून माझ्याकडे नीट बघितलं, बहुतेक त्याला तू आठवला असावास. मग साहेबानं कायदा काढला. अशा माणसाला नातेवाइकाच्या नाहीतर मित्राच्याच हवाली करता येतं. तू याचा कोण?

इथे मी अडकलो. मित्र म्हणावं तर मी त्याला आत्ताच पहिल्यांदा पाहत होतो. म्हणालो, "मी कोनी नाई. माहा भाऊ याचा दोस्त होता." भाऊ कुठे आहे, त्यानं विचारलं. "वारला, साहेब." ते करीमभाईनं ऐकलं. त्याची बोटं थांबली. तो तिथेच खाली बसला. साहेबानं कागद बाजूला सारला, आणि मला समजलं की हे हातचं गेलं. मग जाता जाता विचारल्यासारखं त्यानं करीमभाईला विचारलं, तू या माणसाला ओळखतोस का?

करीमभाईनं मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं.

"पहचानता हूँ, साब," तो म्हणाला. "नारायण को ले जाने आया था, तब खिड़की से देखा था. नारायण ने उंगली से दिखाया था. ये वोही भाई है, जिसने उसको येडा लिखवा के अंदर भेजा."

सोनाजीकाकांनी खाली बघितलं. मला वाटलं जमीन फाटावी. मुनशीसुद्धा साहेबाला सांगायचं विसरला. आणि करीमभाई शांतपणे पुढे बोलत राहिला.

"नारायण रोज बोलता था. रोटी खाते वक़्त. मेरे भाई ने भेजा, और लेने को भी वोही आएगा. हम लोग हँसते थे उसपे. फिर ये आया, साब, और ले गया. मेरे को नारायण बोल के गया, तेरे को भी आएंगे लेने. आज ये आया." तो उठून उभा राहिला. "मैं इसके साथ जाऊँगा. मेरा यही है."

साहेबानं मुनशीकडून सगळं दोनदा ऐकलं, आणि सही केली. मी पण केली. हमी कशाची लिहून दिली ते मी वाचलंच नाही, तू भांडलास तरी चालेल.

तुला ठाऊक होतं. सहा महिने आत, रोज, भाकरी खाताना. आणि मग सव्वा वर्ष माझ्या शेजारी बसून जेवलास, मी त्या दलालाला शिव्या घालत होतो तेव्हा "असन" म्हणत राहिलास, आणि एकदाही माझं तोंड धरलं नाहीस. मी तुला काय सांगायचं राहिलं म्हणून सतरा दिवस कुढत होतो, आणि तू ते आधीच करीमभाईला सांगून टाकलं होतंस. धाडणाऱ्यावरच भरवसा ठेवला होतास तू. मला रडू येतंय आणि त्याच वेळी उठून गाडीभोवती धावावंसं वाटतंय. सोनाजीकाका म्हणतात, "आता तुलेच धरून नेतीन." आम्ही तिघंही हसलो, करीमभाईसुद्धा.

आम्ही निघतोय. आधी अचलपूर, त्याचा माग अजून उभा आहे का बघायला, आणि मग आपल्या घरी. मी निघालो तेव्हाच वहिनीनं त्याच्यासाठी सूत कातायला घेतलं होतं, कुणी सांगितलं नसताना. करीमभाई गाडीत बसलाय खरा, पण मघापासून तो सारखा मागे भिंतीकडे बघतो आहे. आत्ता जवळ आला आणि म्हणाला, "भाई, एक बात बोलनी थी. अंदर पातूर का एक आदमी है, उसका कोई नहीं. मैं उसको बोल के आया हूँ, कि लेने आएंगे."

तो माझ्या तोंडाकडे बघत उभा आहे, दादा. मी त्या माणसाचं नाव विचारून घेतलं आहे आणि याच कागदाच्या पाठीवर लिहून ठेवलं आहे.